जिवाणूचं अँटिऑक्सिडंट वाढलं, म्हणजे त्याचं भलं झालं की वाईट?

"चांदीच्या नॅनोकणांमुळे जिवाणूंची अँटिऑक्सिडंट क्रिया वाढली." विज्ञानाच्या बातम्यांत, प्रबंधांत आणि हल्ली कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही हे वाक्य सर्रास दिसतं. ते वाचून दोन माणसं दोन वेगळे अर्थ काढतात. एकाला वाटतं, चांदीने जिवाणू धट्टेकट्टे झाले, मग पाण्याच्या फिल्टरमध्ये चांदी घालतात कशाला? दुसऱ्याला वाटतं, आवळ्यात नि डाळिंबात असतं तेच हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे नॅनोचांदी पोटात गेली तर आपल्यालाही लाभच. दोघंही चुकतात, आणि दुसऱ्याची चूक महागात पडते. चांदीचं पाणी दीर्घकाळ पिणाऱ्यांची कातडी निळसर-करडी पडू शकते. त्याला आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा पुन्हा जात नाही.

जिवाणूच्या पेशीत अँटिऑक्सिडंट क्रिया वाढणं हा धोक्याचा भोंगा असतो. भोंगा कशाने वाजला, किती वेळ वाजला आणि कधी बंद पडला हे कळल्याशिवाय वरच्या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. हे कसं, ते मुळापासून बघू.

घागरी हातोहात जाताना पाणी सांडतंच

ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जिवाणू. लांबी साधारण २ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. ऑक्सिजन असेल तेव्हा तो अन्नातून इलेक्ट्रॉन काढतो आणि एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे देत शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करतो. लग्नघरी विहिरीपासून मांडवापर्यंत माणसं रांगेत उभी राहून घागरी हातोहात पुढे देतात, तसंच हे. ऑक्सिजनच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचं पाणी होतं आणि काम संपतं.

पण रांगेत थोडं पाणी सांडतंच. मधल्याच एखाद्या प्रथिनाकडून ऑक्सिजनला एकच इलेक्ट्रॉन मिळाला तर सुपरऑक्साइड तयार होतं. दोन मिळाले तर हायड्रोजन पेरॉक्साइड. तीन मिळाले तर हायड्रॉक्सिल मूलक, जे समोर येईल त्या रेणूला चावतं, मग तो डीएनए असो की प्रथिन. या तिघांना मिळून आपण 'आक्रमक ऑक्सिजन' म्हणू. पेशीला आवरता येईल त्यापेक्षा तो जास्त झाला, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

सांडण्याचं प्रमाण किती? भरपूर हवेत वाढणाऱ्या ई. कोलायच्या पेशीत दर सेकंदाला लिटरमागे सुमारे १० ते १५ मायक्रोमोल पेरॉक्साइड तयार होतं. तरीही पेशीतली त्याची पातळी काही दशक नॅनोमोलच्या वर जात नाही, कारण ते तयार होताक्षणी फोडलं जातं. हे पुढे लक्षात ठेवायचं आहे: चांगल्या परिस्थितीतही आक्रमक ऑक्सिजन आवरणारी जिवाणूची ही अँटिऑक्सिडंट यंत्रणा अखंड चालूच असते. तिची 'क्रिया' शून्यावरून कधीच सुरू होत नाही.

पेशीतली बचावाची फळी

पहिलं नाव सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं. ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये हे विकर, म्हणजे एन्झाइम, ओळखलं. ते सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं. ई. कोलायकडे त्याचे तीन प्रकार आहेत: एकात मँगनीज, दुसऱ्यात लोह, तिसऱ्यात तांबं आणि जस्त. तिसरं पेशीच्या दोन पडद्यांमधल्या जागेत राहतं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या धातूशी पहिली गाठ त्याचीच.

मग पेरॉक्साइड फोडायचं काम. थोडं असेल तर अल्किल हायड्रोपेरॉक्साइड रिडक्टेज नावाचं विकर ते उरकतं. जास्त झालं की कॅटलेज पुढे येतं आणि पेरॉक्साइडचं पाणी नि ऑक्सिजन करतं. खरचटलेल्या गुडघ्यावर पेरॉक्साइड टाकलं की पांढरा फेस येतो, तो याच कॅटलेजमुळे, फक्त तिथे ते आपल्या रक्तातलं असतं.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हीच गोष्ट काचपट्टीवर करतात. लाकडी काडीने वसाहतीचा टिपका उचलून काचेवर ठेवायचा आणि वर ३ टक्के पेरॉक्साइडचा एक थेंब सोडायचा. स्टॅफिलोकोकस असेल तर काही सेकंदांत बुडबुडे उसळतात, स्ट्रेप्टोकोकस असेल तर थेंब निवांत पडून राहतो. यात दोन चुका नेहमीच्या. वसाहत रक्त घातलेल्या माध्यमावरून उचलताना रक्त सोबत आलं, तर त्यातल्या कॅटलेजचेच बुडबुडे दिसतात. आणि काडीऐवजी लोखंडी तार वापरली तर लोखंड स्वतःच पेरॉक्साइड फोडतं. एवढ्या साध्या चाचणीतही धातू घोटाळा करू शकतो, हे ध्यानात ठेवा. नॅनोकणांच्या बाबतीत तोच घोटाळा कितीतरी मोठा होतो.

तिसरं नाव ग्लुटाथायोनचं. हा लहानसा गंधकयुक्त रेणू ई. कोलायमध्ये लिटरला काही मिलिमोल इतका, म्हणजे मुबलक असतो. त्याच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजनची जोडी असते, तिला थायोल म्हणतात. हे थायोल आपल्या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

हायड्रॉक्सिल मूलकावर मात्र पेशीकडे कोणतंही विकर नाही. ते इतक्या झटपट धडकतं की पकडायला सवडच मिळत नाही. ते तयार होऊ न देणं एवढाच उपाय. ते तयार होतं पेरॉक्साइड आणि मोकळं लोह यांच्या भेटीतून. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये या जोडीची ऑक्सिडीकरणाची ताकद नोंदवली, म्हणून तिला फेंटन अभिक्रिया म्हणतात. त्यामुळे शहाणी पेशी लोह मोकळं हिंडू देत नाही, डीपीएस नावाच्या पोकळ प्रथिनात कोंडून ठेवते.

आणि भोंगा? तो म्हणजे ऑक्सिआर हे प्रथिन. पेरॉक्साइड वाढलं की ऑक्सिआरमधल्या दोन थायोलांची गाठ बसते, त्याचा आकार बदलतो आणि कॅटलेज, डीपीएस अशा बऱ्याच जनुकांचं काम काही मिनिटांत जोरात सुरू होतं. सुपरऑक्साइड वाढवणाऱ्या रसायनांसाठी सॉक्सआर नावाचा वेगळा भोंगा आहे.

नॅनोकण एवढे वेगळे का?

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनोकण म्हणतात. २० नॅनोमीटरचा कण ई. कोलायच्या लांबीपुढे शंभरावा हिस्सा भरतो.

खरी गंमत पृष्ठभागात आहे. १ ग्रॅम चांदीची एकच गोळी केली तर ती तुरीच्या दाण्याएवढी होते, आणि तिचा पृष्ठभाग जेमतेम १ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच १ ग्रॅमचे १० नॅनोमीटरचे गोळे केले तर एकूण पृष्ठभाग सुमारे ५७ चौरस मीटर होतो, म्हणजे सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटची सगळी फरशी. चांदी तीच, वजन तेच, पण हवेला आणि पाण्याला उघडी पडलेली जागा पाच लाख पटींहून जास्त. चांदी झिजते ती पृष्ठभागावरूनच, त्यामुळे नॅनोकणांतून आयन भराभर सुटतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू.

ही चांदी कुणाच्या मागे लागते, ते घरातलं पैंजण सांगतं. कपाटात ठेवलेलं पैंजण काळं पडतं, कारण हवेतल्या गंधकाच्या वायूशी चांदी जोडली जाते आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. चांदीला गंधकाची ओढ फार. जिवाणूच्या पेशीत गंधक कुठे असतं? ग्लुटाथायोनमध्ये, प्रथिनांच्या थायोलांत आणि लोह-गंधकाच्या गाठींत. पैंजण काळं करणारी ओढच पेशीत विध्वंस करते.

चांदी आत गेल्यावर काय होतं

चांदी स्वतः आक्रमक ऑक्सिजन फारसा बनवत नाही. ती इतरांचं काम बिघडवते आणि त्या बिघाडातून तो बनतो. श्वसनसाखळीतल्या प्रथिनांच्या थायोलांना ती चिकटली की घागरींची रांग अडते आणि मधेच सांडायला लागतं. ग्लुटाथायोनला चिकटली की ढालच कमी होते. आणि काही विकरांत लोह-गंधकाची उघडी गाठ असते, ती चांदीचे आयन फोडतात. एका फटक्यात दोन नुकसानं: विकर निकामी, आणि कोंडलेलं लोह मोकळं. मोकळं लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की फेंटन.

आता यातला एक बारकावा, जो बऱ्याच लेखांत सुटतो. राईस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये चांदीचे नॅनोकण ऑक्सिजन पूर्ण काढलेल्या जागेत ई. कोलायला दिले. आयनांच्या मारक मात्रेच्या हजारो पट चांदी कणरूपात देऊनही जिवाणू मेले नाहीत. कारण ऑक्सिजनविना कणांची झीजच होत नाही, आयन सुटत नाहीत. त्याच बिनऑक्सिजनच्या जागेत चांदीचे आयन थेट दिले तेव्हा मात्र जिवाणू मेले.

यातून दोन गोष्टी कळतात. कण हा बव्हंशी आयनांची कोठी असतो, खरा मारेकरी आयन. आणि आयन ऑक्सिजनविनाही मारू शकतात, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण हे मृत्यूचं एकमेव कारण नव्हे. "नॅनोकण आक्रमक ऑक्सिजन बनवतात, म्हणून जिवाणू मरतात" हे जे एका ओळीत सांगतात, ते अर्धं खरं आहे.

इतर धातूंचं थोडक्यात. तांबं लोहासारखंच इलेक्ट्रॉनची देवघेव करतं, पण पेशीत त्याचा मोठा घाव लोह-गंधकाच्या गाठींवरच पडतो. द्राक्षबागेत मारतात त्या बोर्डो मिश्रणात, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, काम करणारं तांबं हेच. झिंक ऑक्साइडमधून जस्ताचे आयन सुटतात आणि उजेडात आक्रमक ऑक्सिजनही बनतो. टायटॅनियम डायऑक्साइडला मात्र अतिनील प्रकाश लागतोच. त्याच्या नेहमीच्या अ‍ॅनाटेज प्रकाराला सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी हव्यात. नुसत्या टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप घरातल्या मंद उजेडात जंतू मारतो असं कोणी म्हणालं, तर हा आकडा विचारा.

मात्रेप्रमाणे वर चढणारी आणि खाली येणारी रेघ

आता मूळ वाक्याकडे. नॅनोकणांची मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि प्रत्येक मात्रेला कॅटलेज किंवा डिसम्युटेज मोजलं, तर रेघ बहुधा आधी चढते आणि मग कोसळते.

कमी मात्रेत पेशीला चटका बसतो, भोंगा वाजतो, विकरं जास्त बनतात. पेशी जिवंत असते, धडपडत असते. याच टप्प्यावर मोजणारा म्हणतो, "क्रिया वाढली."

जास्त मात्रेत पेशीला नवं प्रथिन बनवायला ऊर्जाच उरत नाही. असलेल्या विकरांना धातू चिकटतो. पडदा फाटून आतलं बाहेर गळतं. इथे मोजणारा म्हणतो, "क्रिया घटली." दोन शोधनिबंध एकमेकांच्या विरुद्ध बोलताना दिसतात, पण बऱ्याचदा ते एकाच रेघेच्या दोन बाजूंना उभे असतात.

वेळेचंही तसंच. पंधरा मिनिटांनी, दोन तासांनी आणि चोवीस तासांनी घेतलेले आकडे वेगवेगळे येतात. चोवीस तासांनी जे जिवाणू उरले, ते तगलेल्यांचे वंशज असतात, त्यांच्या आकड्यावरून पहिल्या तासाची हकीकत कळत नाही.

शिवाय जिवाणू किती आणि कण किती, हे प्रमाण. लिटरला १० मिलिग्रॅम मात्रेत २० नॅनोमीटरचे चांदीचे कण मिलिलिटरमागे सुमारे २३,००० कोटी भरतात. मिलिलिटरला १० लाख जिवाणू असतील तर एकेकाच्या वाट्याला २ लाख ३० हजार कण येतात. १० कोटी जिवाणू असतील तर फक्त २,३००. बाटलीवर मात्रा एकच लिहिलेली, प्रत्यक्ष मार शंभर पटींनी वेगळा. जिवाणूंची सुरुवातीची संख्या न देता नुसती मात्रा देणारा निबंध अपुरा समजावा.

मोजताना काय चुकतं

हा भाग विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावा, कारण बहुतेक खोटे निष्कर्ष इथेच जन्माला येतात.

आधी वाढ थांबवणारी किमान मात्रा काढायची: ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये दुप्पट-दुप्पट पातळ करत, मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू घालून, साधारण १६ ते २० तास ३५ ते ३७ अंशांवर. मग त्या मात्रेच्या पाव, अर्ध्या आणि पूर्ण मात्रेत प्रयोग. विकरांसाठी जिवाणू जास्त लागतात, तेव्हा ती वाढीव संख्या धरून मात्रा पुन्हा तपासायची. ठरलेल्या वेळी पेशी ४ अंशांवर ५,००० जी, म्हणजे गुरुत्वाच्या ५,००० पट, बलाने १० मिनिटं फिरवून खाली बसवायच्या, थंड फॉस्फेट बफरने दोनदा धुवायच्या, बर्फात ठेवून ध्वनिलहरींनी फोडायच्या, १२,००० जीवर फिरवून वरचा निवळ घ्यायचा. स्टॅफिलोकोकसची भिंत जाड, ती नुसत्या ध्वनिलहरींना सहज दाद देत नाही, तिला आधी लायसोस्टॅफिन हे भिंत तोडणारं विकर लागतं.

पहिला सापळा इथेच. एकमेकांना चिकटून जड झालेले नॅनोकणही ५,००० जीवर पेशींबरोबर खाली बसतात. मग पेशी फोडताना ते विकरांना भेटतात, चिकटतात, निकामी करतात. जिवंत पेशीत घडलंच नाही असं नुकसान परीक्षानळीत घडतं. उपाय: कण न दिलेल्या पेशींच्या निवळात फोडल्यानंतर तेवढेच कण मिसळायचे आणि क्रिया मोजायची. ती तिथेही घटली, तर घट मोजणीची, जिवाणूची नव्हे.

कॅटलेज मोजायला निवळात लिटरला सुमारे १० मिलिमोल पेरॉक्साइड घालून २४० नॅनोमीटरवर प्रकाशशोषण कसं उतरतं ते बघतात. १ सेंटिमीटर रुंदीच्या पारदर्शक नळीत, म्हणजे क्युव्हेटमध्ये, १० मिलिमोलचं शोषण सुमारे ०.४३६ येतं. १ मिलिलिटरात मिनिटाला ०.०४३६ घट म्हणजे १ युनिट. निवळ फार तीव्र असेल तर क्युव्हेटच्या भिंतीवर ऑक्सिजनचे बुडबुडे धरतात आणि आकडा उड्या मारतो, तेव्हा निवळ पातळ करायचा. पण सेरियम ऑक्साइडचे कण २४० ला स्वतःच प्रकाश शोषतात, आणि काही धातूंचे कण पेरॉक्साइड स्वतः फोडतात, त्या लोखंडी तारेसारखे. म्हणून जिवाणूविना नुसत्या कणांची नळी हवीच.

ग्लुटाथायोनसारखे थायोल एलमनच्या अभिकर्मकाने ४१२ नॅनोमीटरवर मोजतात, पिवळा रंग येतो. चांदीचे लहान गोल नॅनोकणही पिवळेच, त्यांचं शोषण ४०० ते ४२० च्या आसपास शिखर गाठतं. म्हणजे ज्या खिडकीतून बघायचं त्याच खिडकीत कण उभे. त्यात चांदी थायोल गिळतेही. एक चूक आकडा वाढवते, दुसरी घटवते, आणि दोन्ही मिळून एखादा अगदी पटण्याजोगा खोटा आकडा देतात.

आक्रमक ऑक्सिजन दाखवणारा डीसीएफएच-डीए हा चमकणारा रंगही जपून वापरायचा. नुसतं पेरॉक्साइड त्याला थेट चमकवत नाही, मोकळं लोह किंवा पेरॉक्सिडेज मध्ये लागतं. म्हणून चमक वाढली तर पेरॉक्साइड वाढलं की लोह सुटलं, हे त्यावरून ठरत नाही. धातूचे कण चमक विझवूही शकतात.

माध्यमाचं काय? जिवाणू वाढवायच्या एलबी माध्यमाच्या नेहमीच्या कृतीत लिटरला १० ग्रॅम मीठ असतं. चांदीचे आयन मिठातल्या क्लोराइडशी जुळून पांढरं सिल्व्हर क्लोराइड बनतं, आणि मिठामुळे कणही एकमेकांना चिकटून गोळे होतात. २० नॅनोमीटर म्हणून घातलेली वस्तू प्रत्यक्षात शेकडो नॅनोमीटरचे पुंजके असू शकते. कणांचा आकार ज्या माध्यमात जिवाणू आहेत त्याच माध्यमात मोजायला हवा, बाटलीवरचा आकडा चालत नाही.

वाढीचा टप्पा हा आणखी एक छुपा खड्डा. ई. कोलायची वाढ थांबत आली की एक प्रकारचं कॅटलेज आपोआप वाढतं, नॅनोकण असोत वा नसोत. कणांमुळे वाढ मंदावली तर चार तासांनी दोन नळ्यांतले जिवाणू वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. तेव्हा फरक कणांचा की वयाचा, हे घड्याळ बघून कळत नाही, प्रत्येक वेळी धूसरता मोजावी लागते आणि प्लेटवर जिवंत वसाहतीही मोजाव्या लागतात.

आणि सर्वांत स्वस्त, तरी सर्वांत जास्त विसरली जाणारी नळी सिल्व्हर नायट्रेटची. १ मिलिग्रॅम चांदीसाठी १.५७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट लागतं. पण कणांमधली सगळी चांदी सुटत नाही, म्हणून कणांचं द्रावण ३ किलोडाल्टनच्या गाळणीतून फिरवून खाली आलेल्या पाण्यात प्रत्यक्ष किती चांदी सुटली ते मोजायचं, आणि तेवढंच नायट्रेट द्यायचं. दोन्हींचा परिणाम सारखा आला, तर 'नॅनो'चा वेगळा गुण काही नाही.

पण नॅनोकण स्वतःच अँटिऑक्सिडंट असतात म्हणे?

इथे एकाच शब्दाची दोन कामं आहेत. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाचं जांभळं रसायन असतं. त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन मिळाला की रंग उडतो, आणि ५१७ नॅनोमीटरवरचं शोषण घटतं. नॅनोकणांनी रंग उडवला की लिहितात, "कणांत अँटिऑक्सिडंट क्रिया आढळली." या चाचणीत जिवाणू नसतोच.

बहुतेकदा रंग उडवणारी असते ती कणांवरची पानांच्या अर्काची साय. जैविक मार्गाने नॅनोकण बनवण्याचं महत्त्वाचं सुरुवातीचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालं. मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास बुरशी वापरून आणि पुढे कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने चांदी-सोन्याचे कण केले. आज कॉलेजांत जी कृती चालते ती साधी: १ मिलिमोल सिल्व्हर नायट्रेटच्या, म्हणजे लिटरला १७० मिलिग्रॅमच्या, ९० मिलिलिटर द्रावणात १० मिलिलिटर अर्क. रंग पिवळसर होत तपकिरी झाला की कण झाले. पण तपकिरी झाल्यावरही काही नायट्रेट तसंच उरतं. कण वेगाने फिरवून, पाण्याने तीनदा धुतल्याशिवाय वापरले, तर जिवाणू मारतं उरलेलं नायट्रेट, डीपीपीएच उडवतो अर्क, आणि श्रेय जातं नॅनोकणांना. अर्काची आणि धुतलेल्या पाण्याची वेगळी नळी ठेवली की हे उघडं पडतं. सोन्याचे कण तर ५२० च्या आसपास स्वतःच प्रकाश शोषतात, ५१७ वरची चाचणी त्यांच्यासाठी मुळातच अवघड.

खरोखर स्वतः अशी क्रिया करणारे कणही आहेत. सेरियम ऑक्साइड दोन रूपांत ये-जा करत सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड शमवू शकतं. मात्र लोहाच्या ऑक्साइडचे कण पेरॉक्सिडेजसारखे वागतात, हे २००७ मध्ये चीनमधल्या गटाने दाखवलं, आणि ते पेरॉक्साइडपासून जास्त घातक मूलक बनवू शकतात. कण कोणता, पीएच किती, आवरण कशाचं, यावर ढाल की तलवार ते ठरतं.

सिस्टीन घातल्यावर जिवाणू वाचले, हा पुरावा नाही का?

हा युक्तिवाद फार आढळतो. चांदीबरोबर सिस्टीन हे अमिनो आम्ल किंवा ग्लुटाथायोन घातलं, जिवाणू वाचले, म्हणून मृत्यू आक्रमक ऑक्सिजनने होत होता, असा निष्कर्ष. पण ही दोन्ही अँटिऑक्सिडंट गंधकाची, आणि चांदीला गंधकाची ओढ. त्यांनी चांदीच बांधून टाकली, ऑक्सिजनचा प्रश्न आलाच नाही. थायोयुरियाही त्याच माळेतलं.

खात्रीचा मार्ग जनुकांचा. जपानमध्ये ई. कोलायचं एकेक जनुक काढून केलेला केइओ संग्रह २००६ पासून जगभर वापरला जातो. कॅटलेज किंवा ऑक्सिआर नसलेला जिवाणू साध्या जिवाणूपेक्षा कमी मात्रेत मेला, तर आक्रमक ऑक्सिजनचा हात नक्की आहे. सारख्याच मात्रेत मेला, तर मारेकरी दुसरा. यासोबत ऑक्सिजन काढून एक प्रयोग, आणि क्लोरॅम्फेनिकॉलने नवं प्रथिन थांबवून एक. तिथेही कॅटलेज 'वाढलं' तर ते नव्याने बनलेलं नाही, मोजणीतच काहीतरी आहे.

एवढे घाव असतील तर जिवाणूंना प्रतिकार येणारच नाही?

येतो, आणि आलेला आहे. १९७० च्या दशकात बोस्टनमधल्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेट जखमांवर वापरलं जात असे. तिथे चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला. रुग्ण दगावले, विभाग बंद ठेवावा लागला. १९९९ मध्ये त्याची जनुकं वाचली गेली: एक प्रथिन चांदीचे आयन बांधून ठेवतं, बाकीचे पंप ते पेशीबाहेर उपसतात. ही जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर होती, आणि असं कडं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

कणांविरुद्धचा डाव वेगळाच निघाला. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की कमी मात्रेत पुन्हा पुन्हा कण दिल्यावर ई. कोलाय फ्लॅजेलिन हे शेपटीचं प्रथिन जास्त सोडतो. त्याने कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि पृष्ठभाग घटल्यावर धार जाते. यासाठी जनुकात कोणताही बदल लागला नाही. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिन रोखल्यावर हा प्रतिकार बराच मावळला. कमी मात्रेतला, जिवाणू मरत नाहीत पण भोंगा वाजत राहतो असा मार म्हणूनच काळजीचा. रोजच्या मोज्यांत, डब्यांत नि मास्कमध्ये चांदी घालण्याचं समर्थन करणं या माहितीनंतर कठीण आहे. भाजलेल्या जखमेवरच्या मलमात ती राखून ठेवावी, हे जास्त पटतं.

शेतात आणि सांडपाण्यात

कपड्यांतून सुटलेली चांदी गटारात जाते, तिथून प्रक्रिया केंद्रात. तिथल्या गाळात ऑक्सिजन कमी आणि गंधक भरपूर, त्यामुळे बरीच चांदी सल्फाइड बनते. २०१० मध्ये गाळात सिल्व्हर सल्फाइडचे नॅनोकण प्रत्यक्ष पाहिले गेले. सल्फाइड फार कमी विरघळतं, म्हणून त्याचा उपद्रवही फार कमी. पण त्याआधीच्या हवा भरलेल्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू असतात आणि ते चांदीला विशेष हळवे. ते दबले की बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया वाढतो. केंद्र चालवणाऱ्यासाठी हीच पहिली खूण.

शेतीत नॅनो जस्त किंवा नॅनो तांबं फवारताना प्रश्न येतो रायझोबियम आणि अ‍ॅझोटोबॅक्टर या नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचा. नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे विकर लोह-गंधकाच्या गाठींवर चालतं आणि ऑक्सिजनने बिघडतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी नाजूक. या जिवाणूंत कॅटलेज वाढलेलं आढळलं तर "जिवाणू खत सशक्त झालं" असं कुणी सांगेल. त्यांना विचारायचं, मुळांवर गाठी किती, त्या कापल्यावर आत लालसर-गुलाबी आहेत का, आणि मातीतल्या जिवंत जिवाणूंची संख्या किती. बियाण्याला रायझोबियम चोळायचं असेल, तर धातूयुक्त औषधाचा हात त्याच दिवशी त्याच बियाण्याला लावू नये. बुरशीनाशक आधी, ते सुकू द्यायचं, आणि जिवाणू खत सर्वांत शेवटी, सावलीत, पेरणीच्या तोंडावर.